मावशीचा वायफाय आणि फाशांनी काढलेले पाच शब्द

गोव्यात म्हार्दोळहून जरा आत गेलं की माझ्या मावशीचं घर. मागे कुळागर, पुढे तीन खोल्या. त्या खोल्या ती गेली काही वर्षं पाहुण्यांना देते. पाहुण्याची बॅग खाली टेकायच्या आत प्रश्न येतो, "आँटी, वायफायचा पासवर्ड?" आणि मावशी स्वयंपाकघरातून, हातातलं काम न सोडता, आपला मोबाईल नंबर खणखणीत आवाजात सांगते. तोच नंबर फाटकावरच्या पाटीवरही आहे.

यंदा चवथीला तिच्याकडे गेलो होतो. गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची माटोळी बांधून झाली, चहा आला, तेव्हा तिने विचारलं, "अरे, आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर आलंय, पासवर्ड ठेवू नका, पासफ्रेज ठेवा म्हणून. दोन्ही एकच ना रे?"

मी संगणकाच्या कामावर पोट भरतो, तरी याचं एका दमात उत्तर देता आलं नाही. चहा गार झाला. तिला जे सांगितलं तेच इथे जरा नीट मांडतो.

यंत्राच्या बाजूने बघितलं तर दोन्ही एकच. चौकट तीच, त्यात अक्षरं टाइप करायची. पासवर्ड म्हणजे आपल्याकडचा जुना परवलीचा शब्द: आठ-दहा अक्षरांचा, आकडे आणि चिन्हं खुपसलेला. पासफ्रेज म्हणजे चार, पाच, सहा शब्द एकापुढे एक. ही कल्पना सिगमंड पोर्टर यांनी १९८२ साली मांडली, आणि त्यांच्या निबंधाचा रोख माणसाच्या सोयीवर होता. फरक यंत्रात नसून आपल्यात आहे, म्हणजे गुपित आपण बनवतो कसं आणि डोक्यात ठेवतो कसं यात. पण तो कळायला आधी चोर काय करतो ते कळायला हवं.

संगणकावरचा पासवर्ड बहुधा पहिल्यांदा वापरात आला तो अमेरिकेतल्या एमआयटीत, सीटीएसएस नावाच्या यंत्रणेवर. तिचं पहिलं प्रात्यक्षिक नोव्हेंबर १९६१मध्ये झालं. इकडे गोवा मुक्त व्हायला तेव्हा महिना उरला होता. एकच संगणक अनेकजण वापरायचे, म्हणून प्रत्येकाला आपला परवलीचा शब्द. पण ते सगळे शब्द एका फाइलीत जसेच्या तसे लिहून ठेवलेले. १९६२मध्ये ॲलन शेर नावाच्या संशोधकाने, त्याला मिळणारा वेळ पुरत नाही म्हणून, ती फाइल चक्क छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावावर काम केलं. पुढे एकदा तर दोन फाइलींची अदलाबदल होऊन, जो कोणी आत शिरेल त्याच्यापुढे स्वागताच्या निरोपाऐवजी सगळ्यांचे पासवर्ड येऊ लागले.

तेव्हापासून शहाण्या यंत्रणा पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाहीत, त्याचं वाटण करून ठेवतात. खोबरं, मिरची, धने, हळद वाटल्यावर त्यातून अख्खी मिरची परत काढता येते का? नाही. पण तेच जिन्नस त्याच मापाने पुन्हा वाटले तर तेच वाटण होतं. यंत्राचं तर अगदी कणाकणाने तेच. तुम्ही पासवर्ड टाइप केलात की यंत्र तो वाटतं आणि आपल्याकडच्या वाटणाशी ताडून बघतं. जुळलं तर दार उघडतं. याला हॅशिंग म्हणतात. त्यात प्रत्येकाच्या वाटणात वेगळी चिमूट टाकतात, म्हणजे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी वाटणं वेगळी दिसतात. त्या चिमटीचं तांत्रिक नाव सॉल्ट. मी काही रंगवून सांगत नाही, खरोखरच मीठ.

आता चोर वाटणाची भांडी पळवतो. घरी बसून तो एकेक अंदाज वाटतो आणि चोरलेल्या वाटणाशी लावून बघतो. इथे त्याला अडवणारं कोणी नाही. एटीएमच्या पिनला चार आकडे पुरतात ते यंत्र काही चुकांनंतर कार्ड बंद करतं म्हणून. नाहीतर दहा हजार शक्यता म्हणजे काहीच नाही. घरी बसलेल्या चोराला अशी मर्यादा नसते. त्याला मर्यादा फक्त वाटण्याच्या वेगाची. एमडी५ सारख्या जुन्या पद्धतीवर आजचं एक महागडं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला १०,००० कोटींहून जास्त अंदाज तपासतं. बीक्रिप्ट किंवा आर्गॉन२ सारख्या पद्धती मुद्दाम संथ केलेल्या असतात, मिक्सरच्या जागी पाटा-वरवंटा आणल्यासारख्या. पण समोरची साइट मिक्सर वापरते की पाटा, हे आपल्याला बाहेरून दिसत नाही. काही ठिकाणी तर वाटतच नाहीत. २००९ साली रॉकयू नावाच्या कंपनीकडून ३ कोटी २० लाख पासवर्ड जसेच्या तसे फुटले. त्यात सगळ्यात जास्त वापरलेला कोणता? एकपासून सहापर्यंत आकडे, ओळीने.

मावशीच्या वायफायचंही गणित हेच. पाहुण्याचा फोन राउटरला जोडला जातो तेव्हा दोघांत काही निरोपांची देवाणघेवाण होते. फाटकाबाहेर गाडीत बसलेल्याला ती हवेतून टिपता येते. एकदा टिपली की तो खुशाल घरी जाऊन अंदाज वाटत बसू शकतो. वायफायची डब्ल्यूपीए२ पद्धत तशी बरी आहे: पासवर्ड ४,०९६ वेळा घोटून वाटते, आणि मीठ म्हणून तुमच्या नेटवर्कचं नाव घालते. त्यामुळे तेच महागडं कार्ड इथे सेकंदाला वीसेक लाख अंदाजांवर येतं. पण भारतातला मोबाईल नंबर ६, ७, ८ किंवा ९ने सुरू होतो. म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. भागाकार करा: दोन हजार सेकंद. जास्तीत जास्त अर्धा-पाऊण तास, आणि तेही फाटकावरची पाटी वाचली नाही तर.

"मग त्यात ॲट नि हॅशची चिन्हं घालू?" मावशीने विचारलं.

शाळेपासून आपल्याला हेच शिकवलंय. एक कॅपिटल हवं, एक आकडा, एक चिन्ह. मग फोंड्यातल्या निम्म्या लोकांचा पासवर्ड होतो मंगेश किंवा शांतादुर्गा, पहिलं अक्षर कॅपिटल, मागे ॲट, मग एक-दोन-तीन. नाहीतर जीए-०५ने सुरू होणारा गाडीचा नंबर. नाहीतर गोवा १९६१. बघायला अवघड, अंदाजाला सोपं, कारण चोर कोऱ्या पाटीवरून सुरुवात करत नाही. त्याच्याकडे नावांच्या याद्या असतात, आधी फुटलेले कोट्यवधी पासवर्ड असतात आणि त्यांना शेपट्या लावायचे नियम असतात: एच्या जागी ॲट, ओच्या जागी शून्य, शेवटी वर्ष. आपल्याला जी युक्ती वाटते ती त्याच्या यादीत आधीच असते.

हे नियम पसरण्यात मोठा वाटा अमेरिकेच्या निस्ट या सरकारी संस्थेच्या एका मार्गदर्शिकेचा. तिथल्या बिल बर यांनी २००३ साली ती मार्गदर्शिका लिहिली. २०१७मध्ये, निवृत्त झाल्यावर, आपण लिहिलेल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो, असं त्यांनी वॉल स्ट्रीट जर्नलला सांगितलं. त्याच वर्षी निस्टने सूचना बदलल्या: चिन्हांची सक्ती नको, ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावणं नको, लांबी वाढू द्या, निदान ६४ अक्षरं तरी टाइप करू द्या.

मुदतीने बदलण्यावर माझा वैयक्तिक राग आहे. पणजीत एका ठिकाणी नोकरीला होतो तिथे दर ४५ दिवसांनी पासवर्ड बदलावा लागे. माझा होता शिगमो, ॲट, एक. मग शिगमो, ॲट, दोन. नोकरी सोडली तेव्हा सतरापर्यंत आलो होतो. शेजारच्या टेबलावर त्याच काळात नारळी पौर्णिमा तेविसावर होती आणि ती मॉनिटरला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठीवर सगळ्यांना वाचता येई. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१०मध्ये हेच मोजून दाखवलं. माणसाचा जुना पासवर्ड माहीत असेल तर सुमारे ४१ टक्के वेळा नवा काही सेकंदांत काढता येतो.

तर मग गुपिताची ताकद मोजायची कशाने? ते कसं दिसतं यावरून मोजू नका. किती शक्यतांच्या ढिगातून ते डोळे मिटून उचललं, एवढंच बघायचं. इंग्रजी कीबोर्डवर अक्षरं, आकडे, चिन्हं मिळून ९४. त्यांतून आठ अक्षरं खरोखर आंधळेपणाने उचलली तर शक्यता होतात साधारण ६१ कोटी कोटी. सेकंदाला १०,००० कोटींच्या वेगाने सगळ्या तपासायला सतराएक तास. आणि ही आठ अक्षरं लक्षात ठेवणं म्हणजे शिक्षा.

आता अक्षरांऐवजी शब्द घ्या. आर्नल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ साली डाइसवेअर नावाची पद्धत काढली. ७,७७६ शब्दांची यादी. फासा पाच वेळा टाकायचा, आलेल्या पाच आकड्यांवरून एक शब्द. सहाचा पाचवा घात ७,७७६ होतो, म्हणून तो आकडा. चार शब्द काढले तर सगळ्या शक्यता त्याच वेगाने तपासायला दहा तास. म्हणजे चार शब्द आठ आंधळ्या अक्षरांपेक्षा किंचित कमीच! पासफ्रेजचं कौतुक करणारे हे सहसा सांगत नाहीत. पण पाचवा शब्द जोडा, तास जाऊन नऊ वर्षं होतात. सहावा जोडला की सत्तर हजार वर्षं. प्रत्येक शब्दागणिक चोराचं काम ७,७७६ पटीने वाढतं आणि आपल्या डोक्यावर ओझं पडतं फक्त एका शब्दाचं. सगळा व्यवहार एवढाच आहे.

इथे मावशी म्हणाली, "मग सोपं आहे. वर बघून सांगते: तोरिंग, सुपारी, आंबाडे, नारळ, केळी, मावळिंग. झाले सहा."

डोक्यावर माटोळी होती आणि तिने त्यातले सहा शब्द वाचले. याहून चांगलं उदाहरण मला शोधूनही सापडलं नसतं. समजा माटोळीला बांधायच्या सगळ्या फळाफुलांची यादी केली, रानातल्या वस्तू धरून शंभर. शंभरातून सहा म्हणजे एक लाख कोटी शक्यता. मोठा वाटतो ना आकडा? १०,००० कोटींच्या वेगाला दहा सेकंद. शब्द तेवढेच सहा, पण एकदा सत्तर हजार वर्षं आणि एकदा दहा सेकंद, कारण ढीग लहान.

पासफ्रेज या नावानेच गोंधळ होतो असं मला वाटतं. फ्रेज म्हटलं की लोक अर्थपूर्ण वाक्य शोधतात: अभंगाची ओळ, आरतीचं कडवं, सिनेमातला संवाद, म्हण. लांबीला तीस-चाळीस अक्षरं, म्हणून समाधान. पण प्रसिद्ध ओळ लांब असली तरी चोराच्या दृष्टीने ती एकच वस्तू. यादीतली एक ओळ. वाक्याला व्याकरण असतं, पुढचा शब्द मागच्यावरून कळतो. चांगल्या पासफ्रेजमध्ये पुढच्या शब्दाचा मागच्याशी काही संबंध नसतो. आणि तसे शब्द माणसाला सुचत नाहीत. मनात येईल ते सांग म्हटलं की आपण घर, देव, मुलं, जेवण यांच्याच भोवती फिरतो. म्हणून फासे.

इंग्रजी शब्दांच्या याद्या तयार मिळतात. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०१६ साली ७,७७६ शब्दांची मोठी आणि १,२९६ शब्दांची छोटी यादी काढली. पण मावशीला इंग्रजी शब्द नको होते. मग भाचरांना कामाला लावलं. शाळेच्या वहीची ३६ पानं, प्रत्येक पानावर ३६ शब्द. स्वयंपाकघर, बाजार, कदंबाची बस, शाळा, पाऊस, किडे-मुंग्या, काय वाटेल ते, फक्त एक शब्द दुसऱ्यांदा नको. पाच दिवसांच्या चवथीत वही भरली. एकूण १,२९६ शब्द. दोन वेळा फासा टाकून पान, दोन वेळा टाकून ओळ.

ल्युडोचा फासा आणला. पहिला आकडा ४, दुसरा २. सहा-सहा पानांचे गठ्ठे धरले तर चौथ्या गठ्ठ्यातलं दुसरं पान, म्हणजे विसावं. मग ६ आणि १: एकतिसावी ओळ. शब्द निघाला ओहोटी. पुढच्या चार टाकात झुरळ. मग टपाल, शिडी, चिंच.

"झुरळ नको," मावशी म्हणाली. "पाहुण्यांना झुरळ म्हणून सांगू? खोल्या रिकाम्या पडतील."

नेमकी इथेच पद्धत बिघडते. एकेक शब्द काढून आवडीचा बसवत गेलं की फासे गेले आणि पुन्हा आपलंच मन आलं. अगदीच नको असेल तर पाचही टाकून द्यायचे आणि नव्याने पाच काढायचे. एखाद्या वेळेला तसं केल्याने फारसं नुकसान होत नाही. तिने तेच केलं, म्हणून पहिले पाच शब्द इथे छापता आले. ते कोणी वापरू नका.

आमच्या वहीतून पाच शब्द, वायफायच्या संथ वाटणावर: सगळ्या शक्यता तपासायला त्या एका कार्डाला सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षं. मावशीच्या वायफायसाठी एवढा खटाटोप कोणी करणार नाही. ईमेलसाठी, जिथून बाकी सगळे पासवर्ड बदलता येतात, मी तिला सात शब्द काढायला लावले. अगदी वेगवान वाटण धरलं तरी तिथे १,९०० वर्षं लागतात.

टाइप करण्याचा एक घोळ आहे तो आपल्या लिपीचा. देवनागरीत पासफ्रेज ठेवायची हौस मलाही होती. पण वायफाय तर इंग्रजी कीबोर्डावरचीच अक्षरं घेतो, ८ ते ६३पर्यंत. इतरत्र, देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह संगणकात तीन बाइट खातं आणि बीक्रिप्ट ७२ बाइटांपुढचं बघतच नाही. 'श्री' एवढ्या एका अक्षरात श, हलन्त, र आणि वेलांटी अशी चार चिन्हं, म्हणजे बारा बाइट तिथेच गेले. शिवाय दुसऱ्याच्या संगणकावर मराठी कीबोर्ड नसला की दारात उभे. म्हणून रोमन लिपीत, सगळी लहान अक्षरं, आणि स्पेलिंग पहिल्या दिवशी ठरवून टाकायचं. शिडीला एक आय की दोन ई, चिंचेत एन किती, यावर भाचरांची भांडणं झाली. वहीत जे लिहिलंय तेच खरं असा निकाल द्यावा लागला.

असं किती ठिकाणी करायचं? फार नाही. ईमेल, पासवर्ड मॅनेजर (बाकीचे पासवर्ड बनवून जपून ठेवणारं ॲप), लॅपटॉप उघडायचा पासवर्ड, घरचा वायफाय. बाकीच्या पन्नास-साठ खात्यांसाठी पासवर्ड मॅनेजरने बनवलेली वेडीवाकडी वीस अक्षरं चांगली, कारण ती तुम्हाला लक्षात ठेवायचीच नाहीत. काही साइट्स अजून बाराच अक्षरं घेतात आणि चिन्हाची अट घालतात. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, तिथेही मॅनेजरच. एकच पासफ्रेज चार ठिकाणी वापरली तर सहा शब्दांचा उपयोग शून्य. जिथे वाटण न करता ठेवलीय तिथून फुटली की चारही दारं उघडी.

आणि फोनवर "बँकेतून बोलतोय" म्हणणाऱ्याला आपणच ओटीपी वाचून दाखवला तर फाशांचा काही इलाज चालत नाही. तसं झालंच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा. तो नंबर मावशीने फ्रिजवर लिहून ठेवला आहे.

ईमेलचे सात शब्द तिने एका कागदावर लिहून कपाटात, दागिन्यांच्या डब्याखाली ठेवले. कागदावर लिहायला माझी हरकत नाही. इंटरनेटवरचा चोर म्हार्दोळला येऊन कपाट उघडणार नाही, आणि जो कपाट उघडेल त्याला डब्यातच जास्त रस असेल. पंधरा दिवसांत तो कागद बघायची गरज संपली, कारण तिने सात शब्दांची एक गोष्ट रचली होती. गोष्टीत एक बोकड आहे, एवढंच मला कळलं.

वायफायच्या पाच शब्दांचं कार्ड आता प्रत्येक खोलीत आरशाला लावलेलं असतं. पाहुणे जाताना ते शब्द सोबत नेणारच, म्हणून घरच्यांचा वायफाय वेगळा केला आणि पाहुण्यांचा मोसम संपला की नवे पाच काढायचे असं ठरलं. दुसऱ्या खेपेला काय निघालं ते सांगणार नाही. मी एवढंच म्हटलं, "मावशी, हे झुरळापेक्षा वाईट आहे, पुन्हा टाकूया का?" ती म्हणाली, "आता फाशाने दिलं ते दिलं," आणि कार्ड लिहायला घेतलं.